हेल्मेट हा शेवटचा प्रश्न

बाळाच्या सपाट डोक्याबद्दल आपल्याकडे दोन मते चालतात आणि दोन्ही आळशी आहेत. पहिले आजीचे: काही करू नका, मोठे झाले की डोके आपोआप गोल होते. दुसरे रात्री दोन वाजता मोबाइल चाळणाऱ्या बापाचे: सहा महिन्यांच्या आत हेल्मेट बसवले नाही तर संधी कायमची गेली. भोपाळच्या अरेरा कॉलनीत किंवा भेलच्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी घरांत ही दोन्ही मते एकाच छपराखाली नांदतात आणि भांडण जुंपते ते 'हेल्मेट हवे की नको' एवढ्यावरच. माझे म्हणणे असे की, या भांडणात प्रश्नच चुकीचा निवडलेला आहे. हेल्मेटच्या आधी तीन प्रश्न येतात. हे नक्की आहे काय? ते कशामुळे होत राहिले? आणि थोडा सपाटपणा उरलाच, तर तो खुपणार कोणाला? या तिन्हींची उत्तरे मिळाली की बहुतेक घरांत हेल्मेटची चर्चा संपते. ज्या थोड्या घरांत ती उरते, तिथेही ती आणीबाणी म्हणून उरत नाही. उरतो तो दिसण्याविषयीचा एक निर्णय, अपुऱ्या पुराव्यावर आणि शांतपणे घ्यायचा.

सपाटपणा आला कुठून

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला नेमकी जन्मतारीख आहे. तिथे बाळांना पालथे झोपवण्याची पद्धत रूढ होती. झोपेतल्या अचानक मृत्यूंशी तिचा संबंध दिसू लागला, तेव्हा नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९२ मध्ये बाळाला पालथे झोपवू नका असे सांगायला सुरुवात केली. १९९४ मध्ये अमेरिकेत 'बॅक टू स्लीप' ही मोहीम सुरू झाली. दहाएक वर्षांत तिथले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बालआरोग्यात इतक्या स्वस्तात इतके जीव वाचवणारे उपाय फार नाहीत. मात्र उताणे झोपणाऱ्या बाळांची डोकी मागून चपटी दिसू लागली आणि नव्वदच्या दशकातच तिथल्या दवाखान्यांत अशा बाळांची रीघ लागली. स्टर्लिंग क्लॅरन या अमेरिकन डॉक्टरने अशा डोक्यांसाठी हेल्मेटचा उपाय १९७९ मध्येच मांडला होता. त्याला मोठी मागणी आली ती या मोहिमेनंतर. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या हेल्मेटांना वैद्यकीय उपकरण म्हणून नियमाखाली आणले आणि उपायाचा धंदा झाला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आपले बाळ आईच्या कुशीत, झोळीत किंवा पाळण्यात बहुधा उताणेच झोपत आले. म्हणजे चपटे डोके ही आपल्याला नवी गोष्ट नाही. नवे आहे ते त्याकडे दोष म्हणून पाहणे. पण एवढ्यावर समाधान मानणेही बरोबर नाही, कारण दोन गोष्टी खरोखर बदलल्या आहेत. बाळाला आळीपाळीने उचलणारे हात घरात कमी झाले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई एकटी असते आणि बाळ बाउन्सरमध्ये. दुसरे म्हणजे, पूर्वी जी बाळे जगत नसत ती आता जगतात. मध्य प्रदेशाचा बालमृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी ४३ होता, देशात सर्वाधिक. देशाची सरासरी २८. तरीही तो घसरतो आहे, आणि त्या घसरणीत नवजात अतिदक्षता कक्षांतून वाचून घरी आलेल्या कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांचा वाटा आहे. या बाळांची कवटी अधिक मऊ असते, ती आठवडेच्या आठवडे पडून असतात, मान फिरवण्याचे बळ उशिरा येते. वेलीवरचा दुधी जमिनीला टेकून वाढला की ती बाजू चपटी राहते. कवटीचेही असेच घडते. ज्या राज्यात बाळे दगावतात तिथे डोक्याच्या आकाराची चर्चा म्हणजे चैन, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. बाळे वाचतील तशी ही डोकी वाढणार आहेत.

१. आधी हे काय आहे ते ठरवा

सपाट डोक्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत ही या विषयातली सर्वात महाग चूक आहे. पहिला आणि कितीतरी अधिक आढळणारा प्रकार म्हणजे दाबामुळे आलेला सपाटपणा, डॉक्टरांच्या भाषेत पोझिशनल प्लेजिओसेफली. यात कवटीच्या शिवणी मोकळ्या असतात, आतला मेंदू नीट वाढत असतो, फक्त बाहेरचा आकार एका बाजूने दबलेला असतो. दुसरा प्रकार क्रेनिओसिनोस्टोसिस. इथे कवटीची एखादी शिवण वेळेआधी जुळून येते. दोन ते अडीच हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हे होते. त्यावर बाळाची कूस बदलून काही होत नाही; तिथे मुलांच्या कवटीची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे काम असते. दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते आणि तिच्यानंतर हेल्मेट घालतात. त्या हेल्मेटबद्दल माझा वाद नाही. तो वेगळा उपचार आहे.

दोन्हींतला फरक ओळखायला बहुधा यंत्र लागत नाही. बाळाला मांडीवर बसवून वरून पाहावे. दाबाच्या सपाटपणात डोके वरून तिरक्या चौकोनासारखे दिसते: ज्या बाजूला मागे सपाट, त्याच बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेले. मागची शिवण जुळल्यामुळे आलेल्या सपाटपणात ही ठेवण नसते. कान पुढे जात नाही, बहुधा मागे आणि खाली ओढलेला दिसतो आणि कानामागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो. लांबट, अरुंद डोके किंवा त्रिकोणी कपाळ दिसले तर दुसऱ्या शिवणींची शंका घ्यावी. हे काम अनुभवी बालरोगतज्ज्ञ हाताने आणि डोळ्याने करतात. शंका उरली तरच पुढची तपासणी. 'एकदा सीटी करून टाकू' हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट मला इथे मुळीच मान्य नाही. चार महिन्यांच्या मेंदूला आईबापांच्या मनःशांतीसाठी किरणे देऊ नयेत. भोपाळात एम्स आहे, हमीदिया आहे, जयप्रकाश जिल्हा रुग्णालय आहे. निदानासाठी मुंबई-दिल्ली गाठण्याचे कारण बहुतेकांना नाही.

निदानाचा दुसरा अर्धा भाग मानेत असतो आणि तो हमखास राहून जातो. पुष्कळ बाळांची मान जन्मापासूनच एका बाजूला किंचित आखडलेली असते. मानेचा स्नायू एकीकडे ताठ असला की बाळ नेहमी एकाच बाजूला पाहते आणि डोके तिथेच दबते. अशा बाळाला कितीही महागडे हेल्मेट घाला, मान तशीच राहते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे व्यायाम आईने दिवसातून काही वेळा करायचे, एवढाच त्यावरचा उपाय. म्हणून सपाट डोके घेऊन आलेल्या बाळाची मान दोन्ही बाजूंना सारखी फिरते का, हे ज्या दवाखान्यात पाहिले जात नाही आणि तरीही हेल्मेटचे माप घेतले जाते, तिथून उठून यावे.

२. आकडे काय म्हणतात आणि काय म्हणत नाहीत

आजीचे म्हणणे न्यूझीलंडमध्ये तपासले गेले आहे. हचिसन आणि सहकाऱ्यांनी २०० बाळांचा जन्मापासून दोन वर्षे पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. सहा आठवड्यांच्या वयात १६ टक्के बाळांचे डोके ठरावीक मर्यादेपलीकडे वाकडे होते, चार महिन्यांना ते प्रमाण जवळपास २० टक्क्यांवर गेले आणि दोन वर्षांनंतर ३.३ टक्क्यांवर उतरले. आजी बरीचशी बरोबर आहे.

पण सगळीच नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या रेन्स्के व्हॅन वाइक आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली आली. मध्यम ते तीव्र सपाटपणा असलेली ८४ बाळे घेतली. कोणाला हेल्मेट आणि कोणाला काहीच नाही, हे आईबापांनी वा डॉक्टरांनी न ठरवता सोडत काढून ठरवले. हेल्मेटच्या गटात उपचार सहा महिन्यांच्या वयाच्या आसपास सुरू झाला आणि वर्षाची होईपर्यंत ती बाळे दिवसाचे २३ तास हेल्मेटमध्ये राहिली. दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली बाळे हेल्मेटच्या गटात २६ टक्के, दुसऱ्या गटात २३ टक्के. फरक नगण्य. हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या आईबापांनी किमान एक तरी त्रास नोंदवला: जवळपास सर्वांना त्वचेचा दाह, अनेकांना घाम आणि वास. सुमारे तीनचतुर्थांशांनी बाळाला नीट कुशीत घेता येत नाही असे सांगितले.

ही चाचणी हेल्मेटविरोधकांची लाडकी आहे, पण तेही ती अर्धीच वाचतात. २६ आणि २३ हे आकडे जवळजवळ आहेत हे खरे. दोन्ही आकडे लहान आहेत हेही तितकेच खरे. मध्यम-तीव्र सपाटपणाने सुरुवात केलेल्या दर चार बाळांपैकी तिघांचे डोके दोन वर्षांनी, हेल्मेट घालून किंवा न घालून, मापात पूर्ण नीट झाले नव्हते. सुधारले होते, पण थोडे वाकडेपण राहिले होते. 'आपोआप गोल होते' हे आश्वासन म्हणूनच अप्रामाणिक आहे, आणि 'हेल्मेटने गोल होते' हे त्याहून अधिक. पालकांना खरे तर कोणीतरी हे सांगायला हवे: थोडासा सपाटपणा कदाचित राहील, त्याने बाळाच्या बुद्धीला वा प्रकृतीला काही होत नाही, आणि केस आले की तो शोधावा लागेल. हे सांगायला डॉक्टर कचरतात, कारण समोरच्या आईच्या डोळ्यांत पाणी येते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडायला हवा. शिकागोच्या स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४,३७८ बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. केवळ कूस बदलणे आणि व्यायाम यांवर ७७.१ टक्के बाळे पूर्ण सुधारली; सुरुवातीलाच हेल्मेट दिलेल्यांपैकी ९४.४ टक्के. इथे सोडत नव्हती, डॉक्टर आणि पालक यांनी मिळून निवड केली होती. शिवाय 'पूर्ण सुधारणा' कशाला म्हणायचे ते डच चाचणीपेक्षा सैल असणार. तरीही हेल्मेट काहीच करत नाही असे म्हणण्याइतका हा आकडा किरकोळ नाही. मला मात्र या अभ्यासातला तिसराच आकडा सर्वात बोलका वाटतो. आधी नुसती कूस बदलून पाहिली, ते पुरले नाही, म्हणून नंतर हेल्मेटकडे वळवलेल्या बाळांत सुधारणा ९६.१ टक्के. म्हणजे थांबून पाहिल्याने काही गमावले नाही. आईबापांची झोप उडवणारे 'संधी निघून जाईल' हे वाक्य हेल्मेटच्या बाजूने उभा असलेला अभ्यासच खोडून काढतो.

आधी-नंतरच्या फोटोंबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. जे डोके वयाबरोबर सुधारतेच, त्याचा पाच महिन्यांनंतरचा फोटो नेहमीच चांगला येणार.

३. सेंटिमीटरचे गणित

हेल्मेट डोके दाबत नाही. ते उंचवट्याच्या बाजूला टेकते, सपाट बाजूला मोकळी जागा ठेवते आणि वाढणारा मेंदू कवटीला त्या मोकळ्या जागेकडे ढकलतो. म्हणजे काम करते ती वाढ. हेल्मेट फक्त दिशा देते. मग वाढ किती आणि केव्हा होते, हे पाहिले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलग्याच्या डोक्याचा मधला घेर जन्मतः ३४.५ सेंटिमीटर असतो. तीन महिन्यांना ४०.५, सहा महिन्यांना ४३.३, वर्षाला ४६.१. वजाबाकी करून पाहा. पहिल्या तीन महिन्यांत सहा सेंटिमीटर. पुढच्या तीन महिन्यांत त्याच्या निम्म्याहून कमी. आणि सहा ते बारा या पुऱ्या सहा महिन्यांत, म्हणजे डच बाळे हेल्मेटमध्ये होती त्या काळात, पुन्हा तीनपेक्षा कमी.

सगळा वाद या वजाबाकीत आहे. दिशा देण्याजोगी वाढ सर्वाधिक असते तेव्हा घरात या विषयावर कोणी बोलत नसते. त्या वेळी चर्चा असते नाव काय ठेवायचे आणि दूध पुरते का याची. डोके सपाट झाल्याचे लक्षात येते, डॉक्टरांची वेळ मिळते, दुसरे मत घेतले जाते, तोवर वाढीचा मोठा लोंढा ओसरलेला असतो आणि मग उरलेल्या धारेला वळवण्यासाठी मोठा खर्च केला जातो. पहिल्या तीन महिन्यांत तेच काम फुकट होते. पाळण्यात बाळाचे डोके कधी या टोकाला, कधी त्या टोकाला ठेवायचे, म्हणजे खिडकीकडे किंवा आईकडे पाहण्यासाठी त्याला मान दुसरीकडे वळवावी लागते. खुळखुळा सपाट नसलेल्या बाजूने वाजवायचा. पाजताना, कडेवर घेताना बाजू बदलायची. आणि जागेपणी, कोणाच्या तरी नजरेसमोर, बाळाला पालथे घालायचे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सात आठवड्यांच्या वयापर्यंत दिवसभरात एकूण पंधरा ते तीस मिनिटांवर जायला सांगते.

इथे बाळंतिणीच्या खोलीतली एक जुनी गोष्ट आठवते. मालिश करणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथे घेते, पाठ चोळते, मग तसेच न्हाऊ घालते. डोके हाताने दाबून गोल होते हा तिचा समज निराधार आहे आणि टाळूभोवती जोर लावणे तर थांबवायलाच हवे. पण रोजची ती पालथी दहा मिनिटे, ज्यांच्याकडे ती स्वतः उपाय म्हणून पाहतही नाही, तीच तिच्या कामातली शास्त्रीय गोष्ट आहे. फ्लॅटमधल्या आईने मालिशवाली बंद केली तेव्हा नकळत ही दहा मिनिटेही बंद झाली.

मोहरीच्या उशीचे मात्र मी समर्थन करणार नाही, भले ती बाळंतविड्यात आजीच्या हातची आलेली असो. झोपलेल्या बाळाच्या भोवती मऊ, सरकणारी वस्तू ठेवू नये हा नियम डोक्याच्या आकारापेक्षा मोठा आहे. आणि एक ताकीद: पालथे घालायचे ते जागेपणी. डोके सपाट होते म्हणून बाळाला पालथे झोपवायला लागणे म्हणजे आकारासाठी जीव पणाला लावणे.

४. डच हवामान आणि भोपाळचा मे

पुरावा कुठे गोळा झाला, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. डच बाळांना घामाचा त्रास झाला तो नेदरलँड्सच्या थंड, ओलसर हवेत. भोपाळला मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. तेवढ्या उन्हाळ्यात सहा-सात महिन्यांच्या बाळाने दिवसाचे २३ तास प्लास्टिक आणि फोमच्या आत डोके ठेवायचे. वीज गेली तर? घामोळे, पुरळ, जंतुसंसर्ग झाला की हेल्मेट काढून ठेवावे लागते. काढले की तासांचा हिशेब बिघडतो आणि ज्या परिणामासाठी पैसे भरले तोच पातळ होतो.

दुसरी अडचण अंतराची. अशी हेल्मेटे करून देणारी, दर दोन-तीन आठवड्यांनी डोके वाढले तसे आतला फोम घासून देणारी केंद्रे मुख्यतः महानगरांत आहेत. भोपाळपासून दिल्ली रेल्वेने सातशे किलोमीटर, मुंबई सव्वाआठशेच्या पुढे. डच चाचणीतही अनेक पालकांची तक्रार हेल्मेट नीट बसत नाही हीच होती. न बसणारे हेल्मेट निरुपयोगी तर असतेच, नको तिथे दाबतेही.

तिसरी अडचण कोणी मोजत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपते बाळ सहा महिन्यांचे होताना, म्हणजे नेमके हेल्मेट सुरू होताना. निर्णय 'आईबापांचा' असतो. पण रोज हेल्मेट काढून स्पिरिटने पुसणे, त्वचेवरचे लाल डाग किती वेळात जातात ते पाहणे, पाळणाघराला समजावणे आणि महिन्यातून दोनदा रात्रीची गाडी पकडणे या कामांवर कोणाचे नाव लिहिलेले असते, हे आपल्याला ठाऊक आहे. निर्णयाच्या बैठकीत आवाज चढवणाऱ्या पुरुषांनी आधी ही कामे वाटून घेतल्याचे सांगावे.

५. तीन आक्षेप

पहिला: सपाट डोक्याच्या मुलांचा विकास मागे पडतो असे अभ्यास आहेत, मग धोका का पत्करायचा? असे अभ्यास आहेत हे खरे. शाळकरी वयापर्यंत पाठपुरावा केलेल्या अमेरिकन अभ्यासात मध्यम-तीव्र सपाटपणा असलेल्या मुलांचे गुण सरासरीने थोडे कमी निघाले, सौम्य सपाटपणा असलेल्यांचे नाही. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जे बाळ कमी हालचाल करते, ज्याच्या स्नायूंत ढिलेपणा आहे, ते एकाच कुशीवर अधिक पडून राहते आणि म्हणून त्याचे डोके अधिक सपाट होते, हा खुलासा जास्त सयुक्तिक आहे. तो खरा असेल तर सपाट डोके ही पाहून घ्यायची खूण ठरते: बाळ मान धरते का, पालथे पडते का, दोन्ही हात सारखे वापरते का. शंका आली तर विकासाची तपासणी आणि थेरपी. हेल्मेट यातले काहीच करत नाही. उलट, हेल्मेट बसवले म्हणजे उपाय झाला, असे वाटून ही तपासणीच राहून जाण्याचा संभव अधिक.

दुसरा: डच चाचणी लहान होती, बोलावलेल्या पालकांपैकी थोडेच सामील झाले, अतितीव्र सपाटपणाची बाळे तिच्यात नव्हतीच. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. म्हणून ती चाचणी अतितीव्र प्रकाराबद्दल काही सांगत नाही आणि मीही सांगत नाही. पण खर्चाचा, त्रासदायक उपचार सुचवणाऱ्याने उपयोग दाखवायचा असतो. न करणाऱ्याने निरुपयोग सिद्ध करायचा नसतो. साडेतीन दशके हेल्मेट वापरात होते आणि सोडत काढून केलेली पहिली चाचणी २०१४ साली निघते, हे त्या क्षेत्राचे भूषण नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वात खरा आहे आणि तो दवाखान्यात उच्चारला जात नाही: लोक काय म्हणतील? आपल्याकडे तो जावळाच्या दिवशी उसळतो. इतके महिने केसांखाली झाकलेले डोके सगळ्या नातेवाइकांसमोर उघडे पडते, आत्या हात फिरवून म्हणते, 'अगं, इकडून चपटं राहिलंय', आणि त्या रात्री हेल्मेटचा शोध सुरू होतो. मी या भीतीची टिंगल करणार नाही. दिसण्यावरून मुले चिडवली जातात, मुलींना तर आयुष्यभर तोलले जाते. पण या भीतीचे वजन तरी करावे. अमेरिकेत 'बॅक टू स्लीप'नंतर जन्मलेल्या हजारभर किशोरवयीन मुलांची डोकी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजली, तेव्हा तिरका सपाटपणा १.१ टक्के आणि मागून चपटेपणा एक टक्का मुलांत आढळला. बाळपणी दर पाचांत एक, किशोरवयात दर शंभरात एक-दोन. आणि त्या एक-दोघांतही किती जण ते जाणून होते, हा पुढचा प्रश्न. आत्याचे वाक्य ऐकून घेण्याचे बळ आईबापांना देता आले, तर बरीच हेल्मेटे वाचतील. दिसण्यासाठी उपचार करण्यात पाप नाही; वेडेवाकडे दात आपण तारा लावून सरळ करतोच. फक्त तारा लावताना आपण मेंदूचे नाव पुढे करत नाही.

मग कोणाला

माझा कौल असा. सौम्य सपाटपणाला हेल्मेट नाही, चर्चाही नाही. मध्यम सपाटपणाला भोपाळसारख्या गावात मी नाही म्हणेन. महानगरात, थंडीच्या मोसमात, पैशाची ओढाताण नसताना कोणी हो म्हटले तर त्यांना वेड्यात काढणार नाही. तीव्र सपाटपणा असेल, कपाळ आणि चेहराही एका बाजूने पुढे आला असेल, शिवणींची शंका दूर झाली असेल, मानेवर उपचार चालू असेल आणि दोन महिने मनापासून कूस बदलूनही माप हलत नसेल, तर हेल्मेटचा विचार रास्त आहे. अमेरिकेतल्या मेंदू-शल्यविशारदांच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही साधारण असाच आहे: आधी कूस बदलणे आणि फिजिओथेरपी, नंतरही मध्यम-तीव्र सपाटपणा टिकला तर हेल्मेट. माझा मतभेद 'मध्यम' या एका पायरीवर आहे आणि तो उन्हाळ्यामुळे आहे.

'माप' मात्र खरोखरचे माप हवे. डोक्याची दोन तिरकी अंतरे मोजून त्यांतला फरक मिलिमीटरमध्ये किंवा टक्क्यांत सांगता येतो; ढोबळ प्रमाणात टक्केवारी साडेतीनच्या आत म्हणजे नेहमीचे डोके, पावणेनऊच्या पुढे तीव्र. तोच आकडा चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा घ्यावा. घटत असेल तर थांबावे. पहिल्याच भेटीत, एकाच मापावर, 'आज बुकिंग केले तर' असे वाक्य ऐकू आले तर माप कितीही असो, आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

हे सारे सांगायचे कोणी आणि केव्हा

आईबापांवर हा सगळा बोजा टाकून मोकळे होणे मला पटत नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत त्यांना हे कळण्याची सोय यंत्रणेत आधीच आहे. पहिल्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्ती सहा-सात वेळा घरी येते. वजन, ताप, नाळ, स्तनपान पाहते. नंतर तिची नेमलेली भेट येते ती थेट तिसऱ्या महिन्यात. सपाटपणा वाढतो तो नेमका या मधल्या पोकळीत. पण त्याच पोकळीत सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळ लसीसाठी येतेच, अरेरा कॉलनीतले खाजगी दवाखान्यात आणि जुन्या शहरातले सरकारी केंद्रात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, पण वेळेआधी जुळलेली कवटीची शिवण नाही. ती यादी बदलायला वर्षे लागतील. लस टोचण्याआधी बाळाला आईच्या मांडीवर बसवून डोके एकदा वरून पाहणे, मान दोन्हीकडे वळवून बघणे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तीन शब्दांत नोंद करणे याला मिनिटभर लागते. सहाव्या आठवड्याला ज्या बाजूची नोंद झाली, तीच दहाव्या आठवड्याला वाढलेली दिसली, तर फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी. चौदाव्या आठवड्याची वाट पाहू नये.